उभे राहणे आणि उभे करणे : ग्रामपंचायत निवडणुकीच्या भाषेतील कर्ता

१

निवडणुकीची भाषा म्हटले की अभ्यासकाचे लक्ष सहसा व्यासपीठावरील वक्तृत्वाकडे, जाहीरनाम्यांकडे व घोषवाक्यांकडे जाते. ही सर्व मोठ्या निवडणुकीची भाषा होय. ज्या निवडणुकीत उमेदवार व मतदार एकमेकांना जन्मापासून ओळखतात, एकाच विहिरीचे पाणी पितात आणि निकालानंतरही एकाच पायवाटेने परततात, तेथे वक्तृत्वाला फारसे काम उरत नाही. तेथील निवडणूक बोलली जाते ती थोड्या, साध्या आणि रोजच्या क्रियापदांत. रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या अंतर्भागातील तालुक्यांची गावे या दृष्टीने अभ्यासास विशेष अनुकूल आहेत. या क्रियापदांचा व्याकरणदृष्ट्या विचार केला असता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीविषयी एक असे सत्य हाती येते, की जे कायद्याच्या परिभाषेत सापडत नाही आणि ज्याकडे ग्रामीण साहित्यानेही पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्या सत्याचे विवरण करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम प्रदेशाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. महाड हे सावित्री व गांधारी या नद्यांच्या काठचे जुने व्यापारी शहर. त्याच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे आणि वरंध घाटाने भोरकडे, तर पोलादपुरावरून आंबेनळी घाटाने महाबळेश्वराकडे वाट जाते. पोलादपूर तालुका तर बहुतांशी डोंगरउतारावरच वसलेला आहे. देशावरील गाव जसे गावठाणात एकवटलेले असते, तसे येथील गाव नसते. ते वाड्यांत व कोंडांत विखुरलेले असते. एका वाडीहून दुसऱ्या वाडीस जाण्यास ओढा ओलांडावा लागतो, कधी डोंगराची सोंड चढावी लागते. प्रत्येक वाडीत बहुधा एखाददुसऱ्या आडनावाची वस्ती असते. भातशेती व नाचणी-वरी यांवर वर्षभराचा निर्वाह होणे कठीण, म्हणून घरटी एखादा तरी पुरुष मुंबईस चाकरीला गेलेला. आणि जेथे गावाचे पुरुष मुंबईत, तेथे गावाचे ग्रामस्थ मंडळही मुंबईत. शिमग्याला व गौरी-गणपतीला परतणारा हा चाकरमानी गावच्या निर्णयांत अनुपस्थित राहूनही उपस्थित असतो.

अशा गावात पंचायतीचे सदस्यत्व ही लहान गोष्ट नव्हे. रस्ता कोणत्या वाडीपर्यंत जाईल, नळपाण्याची टाकी कोठे बसेल, दिवाबत्ती कोणत्या वळणावर लागेल, हे त्या लहानशा सभेत ठरते. २००५ च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे डोंगर खाली आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही बळी गेले. डोंगराला भेग पडली हे कोणी कळवावे, कोणती वाडी हलवावी, कोणाचे नाव यादीत यावे, या प्रश्नांत पहिली सही व पहिला शब्द गावच्या प्रतिनिधीचा असतो. तेव्हा तो प्रतिनिधी कोणाच्या इच्छेने तेथे आला, हा प्रश्न केवळ औपचारिक राहत नाही.

२

कायद्याची भाषा व गावाची भाषा या येथे दोन स्वतंत्र भाषा आहेत. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ आणि त्याखालील नियम यांनी दिलेली परिभाषा संस्कृतप्रचुर आहे : नामनिर्देशनपत्र, छाननी, अनर्हता, प्रभाग, आरक्षण, अविरोध निवड. पंचायतीत लोकसंख्येनुसार ७ ते १७ सदस्य असतात. सरपंच थेट मतदारांनी निवडावा अशी तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये ती रद्द झाली व २०२२ मध्ये पुन्हा आली. या परिभाषेत एक गोष्ट ध्यानात येते. अर्ज भरणारा उमेदवार स्वतः, माघार घेणारा उमेदवार स्वतः आणि दोन्ही कागदांवर सहीही त्याचीच. कायद्याच्या दृष्टीने निवडणुकीतील प्रत्येक कृतीला एकच कर्ता असतो व तो कागदावर दिसतो.

गावाची भाषा याहून वेगळी आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील बोलीचा संबंध कोकणातील मराठीच्या ज्या शाखेशी आहे, तिच्यातील बाणकोटी, संगमेश्वरी आदी भेदांची नोंद ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आढळते. बाणकोट हे सावित्रीच्याच मुखावरील बंदर. उच्चार व प्रत्यय यांत ही बोली प्रमाण मराठीहून कितीही वेगळी असली, तरी निवडणुकीची क्रियापदे तिने मराठीच्या समाईक भांडारातूनच घेतली आहेत. ती दोन मालिकांत मांडता येतात.

पहिली मालिका अशी : माणूस उभा राहतो, बसतो, पडतो, निवडून येतो. दुसरी मालिका अशी : माणसाला उभा करतात, बसवतात, पाडतात, निवडून आणतात. पहिल्या मालिकेतील क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांचा कर्ता उमेदवार आहे. दुसऱ्या मालिकेत तोच उमेदवार कर्माच्या जागी जातो आणि कर्ता दुसराच कोणी असतो. ‘बसणे’पासून ‘बसवणे’ व ‘पडणे’पासून ‘पाडणे’ ही घडण मराठी व्याकरणाच्या नित्य परिचयाची आहे. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) प्रयोजक व शक्य क्रियापदांची चर्चा विद्यार्थी वाचीत आले आहेत. ‘उभा करणे’ व ‘निवडून आणणे’ ही रूपे घडणीने प्रयोजक नाहीत, संयुक्त आहेत. परंतु अर्थव्यापारात ती प्रयोजकाचेच कार्य करतात, म्हणून त्यांना याच मालिकेत स्थान देणे युक्त ठरते.

निवडून येण्याच्या बाबतीत तर भाषेने तीन बाजू स्वतंत्र दाखवल्या आहेत. उमेदवार ‘निवडून येतो’, मतदार ‘निवडून देतात’ आणि पुढारी ‘निवडून आणतात’. येणे, देणे व आणणे या तीन सहायक क्रियापदांनी एकाच घटनेतील तीन पक्षांचा निर्देश अचूक केला आहे. लोकशाहीच्या सिद्धांतात पहिल्या दोन क्रियापदांनाच स्थान आहे. तिसऱ्याचा उल्लेख कोणत्याही अधिनियमात नाही. पण गावात सर्वांत अधिक ऐकू येते ते तिसरेच.

ही दुसरी मालिका हीनार्थीच आहे असे समजण्याचे कारण नाही. वाडीतील दहा माणसे एकत्र येऊन एखाद्या संकोची पण कामसू माणसास उभा करतात, तेव्हा ‘उभा करणे’ हे क्रियापद विश्वासाचे द्योतक असते. महत्त्वाचे एवढेच की या मालिकेत कर्ता विचारता येतो. ‘कोणी उभा केला?’ या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर देता येते. भाषेतील खरा धोका या दुसऱ्या मालिकेत नसून तिसऱ्याच एका रचनेत आहे.

३

ती रचना म्हणजे ‘ठरले’. बैठक होते. ती देवळाच्या सभामंडपात होते, एखाद्या ओटीवर होते किंवा मुंबईतील एखाद्या खोलीत होते. बैठकीनंतर बातमी पसरते ती ‘अमुक नाव ठरले’ अशी. ‘ठरवणे’ या सकर्मक क्रियापदास कर्ता लागतो. ‘ठरणे’ या अकर्मकास ठरवणाऱ्याचा उच्चार करावा लागत नाही. त्यामुळे एकाच निर्णयाचे तीन प्रकारे निवेदन संभवते. ‘अमुक चौघांनी ठरवले’ या वाक्यात कर्ता मोजता येतो. ‘गावाने ठरवले’ या वाक्यात कर्ता आहे, पण तो समूहवाचक असल्याने त्याच्या आत कोण होते व कोण नव्हते हे कळत नाही. ‘ठरले’ यात कर्ता उरतच नाही. पाऊस पडावा तसा निर्णय पडलेला दिसतो. पहिल्या वाक्यापासून तिसऱ्यापर्यंत जाताना माहिती कमी होत जाते आणि अधिकार मात्र वाढत जातो. ‘चौघांनी ठरवले’ म्हटल्यास पाचवा माणूस हरकत घेऊ शकतो. ‘ठरले’ म्हटल्यावर हरकत कोणाकडे घ्यायची हाच प्रश्न पडतो.

‘बिनविरोध’ हा शब्द या तिसऱ्या रचनेचेच नामरूप आहे. मराठीत ‘बिन-’ हा उपसर्ग एखाद्या वस्तूचा अभाव सांगतो : बिनचूक, बिनशर्त, बिनतक्रार, बिनखर्च. या अभावाचे कारण तो सांगत नाही. ‘बिनतक्रार’ राहणाऱ्या माणसाला तक्रार नसते किंवा तक्रार करण्याची सोय नसते. शब्द दोन्ही स्थितींना सारखाच लागू पडतो. तीच गोष्ट ‘बिनविरोध’ची. सात जागांसाठी सातच अर्ज राहिले, या एका आकड्यामागे दोन भिन्न इतिहास असू शकतात. एकात सर्वांचा विचार घेऊन, वाड्यांत जागांची वाटणी करून, खरोखरीच समजूत पटलेली असते. दुसऱ्यात आठव्या माणसाला बसवलेले असते : कोणी नात्याचा दाब घातला, कोणी पुढील पाळीचे वचन दिले, कोणी वाळीत पडण्याची आठवण करून दिली. निवडणूक अधिकाऱ्याच्या कागदावर दोन्ही इतिहास ‘अविरोध’ या एकाच शब्दात मिटतात.

या मताविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे व त्याचा विचार करणे अगत्याचे आहे. लहान गावात निवडणूक झाली म्हणजे भावकीत वितुष्ट येते, लग्नकार्यात पंगती वेगळ्या बसतात, खर्चाने घर बुडते. मग गावकीने एकत्र बसून नावे ठरवली तर त्यात वावगे काय? ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण याच अनुभवातून आली आहे. आक्षेपात तथ्य आहे. आडनावांच्या वाड्यांनी बनलेल्या गावात प्रत्येक मत नात्याचे मत असते. मतपेटी उघडली की कोण कोणाचा राहिला नाही हे जवळजवळ नावानिशी कळते. मोठ्या मतदारसंघात मत गुप्त राहते. शंभर मतांच्या प्रभागात ते कायद्याने गुप्त आणि व्यवहारात उघड असते. तेव्हा एकमताची ओढ ही केवळ सत्तालोलुपतेतून येते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

परंतु म्हणींचाच आधार घ्यावयाचा तर ‘पाचामुखी परमेश्वर’ ही दुसरी म्हणही विसरता येत नाही. तिचे मर्म ‘पाच’ या संख्येत आहे. एका मुखातून येणारा शब्द पाच जणांचा म्हणून सांगणे म्हणजे त्या म्हणीस तिलांजली देणे होय. ‘सरपंच’ या शब्दातही फारसी ‘सर’ व संस्कृत ‘पंच’ यांचा संकर आहे : पाचांतील शिरोभागी असलेला. पाच नसतील तर शिराला अर्थ नाही. म्हणून एकमत झाले की नाही यापेक्षा एकमत होण्यापूर्वी किती मुखे बोलली, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे.

एकमताचे रूपांतर विक्रीत कसे होऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. जानेवारी २०२१ मधील ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी नाशिक जिल्ह्यातील उमराणे व नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांचा जाहीर लिलाव झाल्याचे पुरावे पुढे आले आणि राज्य निवडणूक आयोगाने तेथील निवडणूक रद्द केली. लिलावातील पैसा मंदिराच्या कामासाठी होता. म्हणजे लाभ कोणा एकाचा नव्हता, गावाचाच होता, असे समर्थन शक्य होते. तथापि ज्याच्यापाशी पैसा नाही त्याला या बैठकीत मुखच नव्हते, हे त्या समर्थनाने झाकले जात नाही. ‘बोली’ या मराठी शब्दाला भाषेचा एक प्रकार व लिलावातील किंमत असे दोन्ही अर्थ आहेत. तेथे दुसऱ्या अर्थाने पहिल्याची जागा घेतली. महाड-पोलादपूरच्या गावकीस या प्रकाराशी जोडणे सर्वथा गैर ठरेल. येथे तो प्रकार उद्धृत केला आहे तो ‘ठरले’ या क्रियापदाच्या आड काय काय मावू शकते हे दाखविण्यापुरताच.

४

निवडणुकीच्या छापील पत्रकांत हीच लपवणूक अधिक सभ्य रूपाने येते. ‘ग्रामस्थांच्या आग्रहास्तव’ उमेदवार उभा असतो. ‘प्रचंड मतांनी विजयी करा’ अशी विनंती असते. शेवटी ‘आपला नम्र’ असते. ‘आग्रहास्तव’मधील ‘स्तव’ हा प्रत्ययवत् शब्द उमेदवाराची स्वतःची इच्छा पुसून टाकतो. मराठी संस्कारात पदाची इच्छा उघड बोलणे हे असभ्य मानले गेले आहे, त्याचा हा परिणाम. वस्तुतः ‘उमेदवार’ या फारसी शब्दाचा मूलार्थच ‘आशा धरणारा’ असा आहे. जुन्या मराठीत तो कचेरीच्या दारी जागेच्या आशेने बिनपगारी राबणाऱ्यास लावीत, आणि ‘उमेदवारी करणे’ म्हणजे शिकाऊपणे खपणे हा अर्थ आजही जिवंत आहे. शब्द आशा कबूल करतो. पत्रक ती नाकारते. ज्याने आपली इच्छा स्वतःची म्हणून सांगितलीच नाही, त्याला पुढे जाब विचारणेही कठीण होते. कारण तो उभा राहिला नव्हता, आग्रहाने उभा केला गेला होता.

आणखी एक शब्द या संदर्भात पारखण्यासारखा आहे : ‘सरपंचकी’. पाटीलकी, देशमुखी, खोती या शब्दांनी वतनांचा निर्देश होत असे. महसुली पाटलांचे वंशपरंपरागत पद महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने संपले. कोकणातील खोतीच्या निर्मूलनाचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते, आणि प्रत्यक्ष निर्मूलनाचा कायदा १९४९ चा. कायद्याने वतन गेले. ‘-की’ हा प्रत्यय मात्र राहिला व तो पाच वर्षांच्या पदाला जाऊन चिकटला. सरपंचकी ‘घरात आली’ किंवा ‘घरातून गेली’ असे वाक्य ऐकू येते तेव्हा जुनी वतनाची कल्पना नव्या पदाच्या आत शिरलेली असते.

ग्रामीण सत्तेचे चित्रण करताना मराठी साहित्याने प्रामुख्याने देशावरील गाव डोळ्यांपुढे ठेवले. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाड्या’ने (१९१५) बलुत्यांनी बांधलेल्या गावाचा जो नकाशा दिला, तोच पुढे मराठी वाचकाच्या मनातील गावाचा नकाशा झाला. शंकर पाटील यांच्या ‘टारफुला’त (१९६४) पाटलाच्या मृत्यूने निर्माण झालेली सत्तेची पोकळी हा विषय आहे, विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या व जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘सामना’ या चित्रपटात साखर कारखान्याच्या आधाराने उभा राहिलेला धनी आहे. या कृतींचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांत सत्तेला चेहरा असतो. वाडा दाखवता येतो, जीप दाखवता येते, धनी दाखवता येतो. म्हणजे व्याकरणाच्या भाषेत, कर्ता ठळक असतो. सावित्रीच्या खोऱ्यात ना साखर कारखाना, ना ऊस. येथील सत्ता चेहऱ्यावाचून चालते : बैठक, मंडळ, भावकी, ‘ठरले’. अशा सत्तेचे चित्रण करण्यास खलपुरुष उपयोगी पडत नाही. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’त (१९५२) दक्षिणेकडील शेजारच्या दापोली भागातील गाव येते व तेथे खोताच्या अधिकाराला आणि गावाच्या नापसंतीला न जुमानता आपल्या पायावर उभा राहणारा माणूस भेटतो. निवडणूक हा त्या कादंबरीचा विषय नव्हे. तरीही ‘उभे राहणे’ या क्रियापदाचा पूर्ण अर्थ कोकणच्या गावात काय असतो, हे तिच्यावरून जितके कळते तितके निवडणुकीच्या विनोदी कथांवरून कळत नाही. आपल्या साहित्यातील निवडणूक बहुधा तमाशा म्हणून आली. वाचक हसला, पण आठव्या माणसाला कोणी बसवले हे त्याला कळले नाही.

५

कर्त्याचा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो स्त्रियांच्या संदर्भात. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली व पंचायतीत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. आरक्षणाची सोडत निघाली की गावात ‘आता बाईला उभी करावी लागेल’ हे वाक्य येते. वाक्यातील ‘बाईला’ कर्माच्या स्थानी आहे आणि ‘लागेल’ या क्रियापदाने तर करणाऱ्याचीही नाखुषी नोंदवली आहे. पुढे ‘सरपंचपती’ हा शब्द तयार होतो. समासविग्रहाने तो ‘सरपंचाचा पती’ एवढाच; पण सेनापती, कुलपती या शब्दांतील ‘पती’ म्हणजे स्वामी, आणि व्यवहारात या नव्या शब्दाचा अर्थ त्या जुन्या वळणाने जातो.

येथे या प्रदेशाची एक विसंगती ध्यानात घ्यावी. ज्या घरांतील ‘कर्ता पुरुष’ वर्षाचे अकरा महिने मुंबईत असतो, तेथे लावणी, गुरे, आजारपण, मुलांची शाळा, शेजारचा बांध व तलाठ्याची खेप हे सर्व बाईच पाहते. मराठीत ‘कर्ता’ या एकाच शब्दाने व्याकरणातील क्रिया करणारा व कुटुंबातील प्रमुख असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. या घरांत क्रिया करणारी एक आणि कर्ता म्हणविला जाणारा दुसरा. पंचायतीची निवडणूक ही फारकत घरातून गावात आणते. म्हणून येथील स्त्रीला ‘अननुभवी’ म्हणणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. तिच्याकडे अनुभव आहे, वाक्यात कर्त्याची जागा नाही.

हे वाक्य बदलू शकते, याला पुरावा आहे. १९८६ मध्ये चांदवड येथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. त्यानंतर १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातील विटनेर, यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा येथे सर्व जागांवर स्त्रियांनी निवडणूक लढवून पंचायती हाती घेतल्या. हे आरक्षणाच्या घटनादुरुस्तीपूर्वीचे आहे. तेथेही मागे संघटना होती, म्हणजे ‘उभे करणारे’ होते. पण संपूर्ण फळी उभी राहिल्याने एकटीला बसवणे अवघड झाले. यावरून असे अनुमान निघते की ‘उभी केली’ आणि ‘उभी राहिली’ ही दोन क्रियापदे परस्परविरोधी असलीच पाहिजेत असे नाही. ती एका प्रवासातील दोन टप्पे असू शकतात. जिला उभी केली ती सभेत प्रथम बसते, मग विचारते, मग हरकत घेते, मग सही करण्यापूर्वी कागद वाचते. क्रियापद एकेक करून तिच्या मालकीचे होत जाते. समीक्षकाने पहिल्या क्रियापदावरून शेवटच्याचा निकाल देऊ नये.

६

महाड या गावाच्या इतिहासात या सर्व विवेचनाला एक कसोटी उपलब्ध आहे, आणि ती नेमकी एका स्थानिक संस्थेच्या कारभारातील आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा ठराव संमत झाला. त्यास अनुसरून, सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या काळात, महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. त्यानंतर तीन वर्षे त्या तळ्यावर अस्पृश्य मानलेला एकही माणूस पाणी भरू शकला नाही. ठराव खोटा नव्हता. तो अपूर्ण होता. ‘तळे खुले आहे’ या वाक्यात विशेषण आहे, कर्ता नाही. कोणी खुले करावयाचे, कोणी जावयाचे, कोणी अडवू नये आणि अडवल्यास कोणी उत्तर द्यावयाचे, यांपैकी काहीच त्या वाक्यात नव्हते. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेस डॉ. आंबेडकर व त्यांच्यासमवेत आलेले लोक तळ्याकडे चालत गेले व पाणी प्याले. वाक्याला कर्ता मिळाला तो त्या दिवशी.

पुढील घटनाक्रमही याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात दावा दाखल झाला व मनाई हुकूम आला. २५ डिसेंबर १९२७ रोजी दुसऱ्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन झाले. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडावा लागला. त्या काळी स्थानिक संस्थेचा मताधिकार मालमत्ता व कर यांच्या पात्रतेशी बांधलेला होता. ज्यांच्या पाण्याचा प्रश्न होता, ते ठराव करणाऱ्यांत जवळजवळ नव्हतेच. ठराव त्यांच्याविषयी होता, त्यांचा नव्हता. म्हणूनच तो करणे जितके सोपे गेले तितकेच मागे घेणेही.

६ ऑक्टोबर १९३२ रोजी ग्रामपंचायतविषयक विधेयकावर मुंबईच्या विधिमंडळात बोलताना डॉ. आंबेडकर यांनी गावाच्या सामुदायिक शहाणपणावर विसंबण्यास जो नकार दिला, त्याकडे पुष्कळदा ग्रामजीवनाविषयीचा आकस म्हणून पाहिले जाते. महाडच्या अनुभवाच्या प्रकाशात तो नकार निराळा दिसतो. ‘गावाने ठरवले’ या वाक्यातील ‘गाव’ हा कर्ता कोणाला सामावतो व कोणाला वगळतो, हा त्यांचा प्रश्न होता. प्रौढ मताधिकार व दुर्बलांना निश्चित प्रतिनिधित्व या मागण्या म्हणजे त्या समूहवाचक नामाचे विघटन करून त्यातील प्रत्येकाला स्वतंत्र कर्ता करण्याची मागणी होय. प्रौढ मताधिकार पुढे संविधानाने दिला, आरक्षण ७३ व्या दुरुस्तीने पक्के केले. बैठकीतील ‘ठरले’ला मात्र कोणतीही घटनादुरुस्ती पोहोचत नाही, तेथे भाषेनेच प्रश्न विचारावा लागतो.

७

यावरून निवडणुकीच्या भाषेच्या अभ्यासाची एक दिशा सूचित होते. पत्रकांतील विशेषणे मोजण्यापेक्षा, एकाच निर्णयाचे निवेदन गावातील निरनिराळी माणसे कोणत्या क्रियापदाने करतात, हे टिपले पाहिजे. बैठकीत बसलेला ‘ठरवले’ म्हणतो की ‘ठरले’? बैठकीबाहेरच्या वाडीतील माणूस त्याच घटनेला काय म्हणतो? मुंबईच्या मंडळातील चाकरमानी ‘आम्ही’ हे सर्वनाम वापरतो तेव्हा त्यात गावी राहणारी त्याची आई धरलेली असते का? सरपंच झालेली स्त्री पहिल्या वर्षी ‘मला उभी केली’ म्हणते, ती पाचव्या वर्षी कोणत्या प्रयोगात बोलते? महाड-पोलादपूरच्या एकेका पंचायतीत ही सामग्री गोळा करणे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. एका निवडणुकीपूर्वी व एका निवडणुकीनंतर त्याच माणसांकडे जाण्याची तयारी हवी.

अशा सामग्रीवाचून ‘बिनविरोध’ निवडीचे कौतुक किंवा तिचा धिक्कार, दोन्ही सारखेच निराधार ठरतात. काही लोकप्रतिनिधींनी बिनविरोध पंचायतींना अधिक निधी देण्याच्या घोषणा केल्या आहेत. त्यांत एकोप्याचा गौरव अभिप्रेत असेल. परंतु आठव्या माणसाला बसवण्याचे मोलही त्यांतून वाढते, याचा विचार झालेला दिसत नाही. ज्या वाडीवर डोंगर लटकलेला आहे, त्या वाडीचा माणूस जर बसवला गेला असेल, तर पुढच्या पावसाळ्यात त्या डोंगराविषयी सभेत बोलणारे कोणी नसते. गावाचे एकमत कोणत्या किमतीने साधले, याचा हिशेब मग कागदावर सापडत नाही. तो सापडतो त्या वाडीतील माणसे ‘ठरले’ हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारतात त्यात.